एक कॉम्प्युटर, दोन धनी

वेइक्को सारेलाने सत्तरी उलटल्यावर तळघरात बाई ठेवली आहे, ही बातमी आमच्या गल्लीत मीच पसरवली. यात माझा काही दोष नाही. त्याच्या आणि माझ्या घराच्या मधे फावडं फिरेल इतकीच जागा. त्याच्या तळघराची खिडकी जमिनीलगत. एका मंगळवारी दुपारी मी तिथला बर्फ लोटत होते, तर आतून वेइक्कोचा आवाज आला, "घाबरू नकोस, मी तुझ्या मागेच आहे. हळू आत ये. दार मी लावतो."

आता सभ्य शेजारणीने यावरून काय समजायचं? मी तीन घरी सांगितलं. चौथ्या घरी जाण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून त्याच्या दारावर थाप मारली.

"खाली कोण आहे रे?"

"सिरिल."

"बाईचं नाव सिरिल?"

"न्यूफाउंडलंडचा आहे. वय त्र्याहत्तर. दोन्ही गुडघे नवे बसवलेत. ओळख करून देऊ?"

कॉम्प्युटरवरचा खेळ होता तो. चार निवृत्त खाणकामगार, चार गावांचे, मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोन वाजता कानाला हेडफोन लावून एका बर्फाळ बेटावर जमायचे आणि लांडग्यांपासून एकमेकांना वाचवायचे. जन्मभर आमच्या सडबरी गावच्या थंडीत कुडकुडलेला माणूस, म्हातारपणी हौसेने खोट्या थंडीत कुडकुडत होता. तीन घरांपैकी दोन ठिकाणी मी खुलासा केला. तिसऱ्या घरी मुद्दाम केला नाही. तेवढाच वेइक्कोचा भाव वाढला.

वेइक्को फिनिश आईबापांचा, त्याची बायको जिस्लेन फ्रेंच. माहेरची भाषा दोघांनी एकमेकांना शिकवली नाही. भांडण व्हायचं ते तिसऱ्याच भाषेत, म्हणजे इंग्रजीत, आणि शब्द अडला की दोघंही हसायची. तेहतीस वर्षं तो निकेलच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता. माणसांना खाली नेणारे पाळणे ज्या यंत्रावर चालतात ते यंत्र त्याच्या ताब्यात. त्याचं एक ठरलेलं वाक्य असे, "एक पाळणा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. मोटर एकच. दोन मोटरी लावेल तो गाढव."

तेच त्याने कॉम्प्युटरला लावलं. लाकडी बाकाखाली काळी पेटी, दोन खणांच्या कपाटाएवढी. तिच्यात त्याने सगळं घर भरून ठेवलं होतं: सिनेमे, जिस्लेनची गाणी, लग्नाचे फोटो. स्वयंपाकघरातल्या टीव्हीला तीच पेटी चित्र पुरवायची, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या छोट्या पडद्यालाही तीच. खेळ चालायचा तोही तिच्यावरच. आणि टेकडीवरच्या वृद्धाश्रमात, खोली नंबर बारामध्ये, जिस्लेनच्या टीव्हीवर रोज दुपारी दोन वाजता रिंगेटचे सामने लागायचे, तेही इथूनच.

रिंगेट म्हणजे बर्फावर सरळ काठीने रबरी कडं ढकलायचा मुलींचा खेळ. त्यांची एकुलती मुलगी सोलांज आठ वर्षं खेळली. वेइक्कोने खांद्यावर कॅमेरा घेऊन तिचे अडतीस सामने टिपले होते. चित्र हलतं, कारण हात थंडीने थरथरायचे. आवाजात सबंध सामनाभर जिस्लेन फ्रेंचमधून पंचाची आई-बहीण काढत असते. सोलांज सव्विसाव्या वर्षी महामार्गावर गेली. गाडी घसरली, समोरून लाकडांचा ट्रक.

जिस्लेनची आठवण गेली त्याला दोन वर्षं झाली. वेइक्कोला ती कधी ओळखते, कधी घर तापवणारी भट्टी दुरुस्त करायला आलेला माणूस समजते. पण दोन वाजता सामना लागला की ताठ बसते. पडद्यावरची जिस्लेन ओरडते, खोलीतली जिस्लेनही ओरडते. निकाल तिला आठवत नाही, त्यामुळे प्रत्येक सामना नवा. आणि सामने चालू असतात तोवर सोलांज कुठे आहे हे ती विचारत नाही. समोर दिसतेच ना, सात नंबरची, डावखुरी.

अडचण एवढीच की मंगळवारी आणि गुरुवारी दोन्ही धनी एकाच वेळी दाराशी यायचे. इकडे लांडगे, तिकडे सामना. पेटीला धाप लागायची आणि टेकडीवरचं चित्र अडकायचं. मग फोन वाजायचा; नंबर नर्स लावून द्यायची, बोलायची जिस्लेन.

"वेइक्को, मुली थिजल्या."

"आत्ता सोडवतो."

तो खेळ थांबवायचा, बेटावर सिरिल एकटा लांडग्यांच्या तोंडी जायचा आणि शिव्या द्यायचा.

"दुसरा कॉम्प्युटर घे की रे," मी म्हणायचे. "तुझे दोन्ही पाळणे एकदम वर यायला बघतात."

"तुला यंत्रातलं काय कळतं, रोंडा?"

"यंत्रातलं नाही, नवऱ्यांतलं कळतं. दोन केले मी. एकही एका वेळी दोन कामं करत नव्हता."

त्याने कॉफी ओतली आणि वेलचीच्या पावाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. तेव्हाच मी त्याच्या तळघरातल्या, सामन्यांच्या मूळ टेपांच्या खोक्यांवरून त्याला छेडलं होतं. बुरसट वास यायचा. "सगळं पेटीत गेलंय म्हणतोस, मग ही मढी कशाला सांभाळतोस?" तो म्हणाला, "खरंय. पेटीत दोन डिस्क आहेत. एकीत जे जातं ते आपोआप दुसरीत जातं. याला आरसा म्हणतात. एक जळली तरी दुसरी आहे." खोकी माझ्याच ट्रकमधून गेली कचरा डेपोवर. मीच चालवला ट्रक. वाटेत मी गाणंसुद्धा म्हणत होते.

जानेवारीत त्या खेळाचं नवं बेट आलं. भलं मोठं अपडेट, आणि पेटीत जागा नाही. सिरिल आठवडाभर मागे लागला होता, "गुरुवारी नवीन बेटावर उतरायचंय, म्हाताऱ्या. चौघं नसलो तर पहिल्या वळणावर मरू." गुरुवारी सकाळी वेइक्को जागा करायला बसला. सामने त्याला दोन ठिकाणी दिसले: एका फोल्डरमध्ये तारखांनी लावलेले, दुसऱ्यावर नाव होतं 'सोलांज'. दोन्हीकडे तेच अडतीस. त्याला वाटलं, एक प्रत जास्तीची आहे, आणि आरसा तर आहेच. तारखांचा फोल्डर त्याने रिकामा केला. डोळ्यांत तेल घालून केला, हे विशेष. जागा झाली. नवं बेट उतरवायला लावून तो सौनासाठी लाकडं फोडायला गेला.

दोनला मी तिथेच होते, पावाच्या आशेने. सिरिल कानात ओरडत होता, वेइक्को बेटावर उतरत होता, आणि फोन वाजला.

"मुली थिजल्या," जिस्लेन म्हणाली.

"सोडवतो."

त्याने खेळ थांबवला. पुन्हा फोन.

"मुली नाहीतच. काळं आहे सगळं."

वेइक्कोने 'सोलांज' उघडला. आत काही नव्हतं. त्याने तो बंद केला आणि पुन्हा उघडला, फ्रीजमध्ये दूध नसलं की आपण पुन्हा उघडून बघतो तसा.

मग त्याला आठवलं. सहा वर्षांपूर्वी सामने चटकन सापडावेत म्हणून त्यानेच त्यांना दुसरं नाव दिलं होतं. प्रत केली नव्हती. खोली एकच होती, दारं दोन. एका दाराने आत जाऊन त्याने ती रिकामी केली होती.

"आरशात बघ ना," मी म्हणाले. तोंडाला येईल ते बोलायची सवय.

"आरशासमोरून माणूस उठला तर आरशात कोण बसून राहतं, रोंडा?"

कानात सिरिल अजून हाका मारत होता. वेइक्कोने हेडफोन काढून बाकावर ठेवला. त्या मोकळ्या झालेल्या जागेवर नवं बेट येऊन बसलं होतं, झाडं, डोंगर, लांडगे सगळं घेऊन. पुसलेलं परत मिळतं कधीकधी, पण त्यावर दुसरं काही लिहिलं नसेल तर. नऊ दिवस टेकडीवर जाण्यापुरताच तो तळघरातून वर आला. नाना उपाय केले. हाती काय आलं? अडतीस नावं. उघडली की हिरवे चौकोन, आणि एकात चार सेकंद बर्फावर स्केटच्या पात्यांचा आवाज.

ते चार सेकंद त्याने मला ऐकवले.

टेकडीवर त्या नऊ दिवसांत जिस्लेनने विचारायला सुरुवात केली. दोन वाजले की दाराकडे बघायची. "सोलांज कुठे आहे? अजून आली नाही?" तिथल्या नर्सने, मारिसेलने, दोन दिवस टोलवलं: शाळेत आहे, सरावाला गेलीय. तिसऱ्या दिवशी मारिसेलची सुट्टी होती. नवीन बाई कामावर होती, भली, प्रामाणिक. तिने कागद पाहिले आणि जिस्लेनचा हात हातात घेऊन खरं ते सांगितलं. जिस्लेनच्या लेखी ती बातमी त्या दिवशी पहिल्यांदाच आली. वेइक्को पोहोचला तेव्हा ती पलंग आणि भिंतीच्या मधे जाऊन बसली होती. संध्याकाळपर्यंत विसरली. दुसऱ्या दिवशी दोनला पुन्हा विचारलं.

"तू काय सांगितलंस?" मी वेइक्कोला विचारलं.

"काय सांगणार? भट्टीवाला होतो मी काल. भट्टीवाल्याला काय माहीत असणार तिच्या मुलीचं?"

दहाव्या दिवशी मारिसेलचाच फोन आला. वृद्धाश्रमाचं इंटरनेट अधूनमधून पडतं, म्हणून तिने पूर्वी कधीतरी एक सामना टॅब्लेटवर उतरवून ठेवला होता. कुठला, ते तिने पाहिलं नव्हतं. हाताला लागला तो घेतला.

वेइक्को पायांत बूट न घालता गाडीपर्यंत गेला. मी बूट घेऊन मागून धावले, म्हणून मीही पोहोचले.

सामना १९९४ चा, टिमिन्स गावाविरुद्धचा. वेइक्कोला दहा सेकंदांत कळलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, मला जरा वेळाने कळलं. त्या आठवड्यात सोलांजचं मनगट मोडलं होतं. ती खेळलीच नव्हती. अख्खा सामना ती खेळाडूंच्या बाकावर बसून आहे, प्लास्टरमधला हात मांडीवर, लोकरी टोपी भुवयांपर्यंत. कॅमेरा कडं जिकडे जाईल तिकडे धावतो, त्यामुळे बाक दिसतं ते ओझरतं, मोजून सहा वेळा. आणि सामना आपण पाच-शून्य हरतो.

त्याच्या पेटीत आता भरपूर जागा आहे. खेळ त्याने काढून टाकला. सिरिलने माझा नंबर शोधून फोन केला. "त्याला सांग, तिघंच उरलोय. पहिल्या वळणाच्या पुढे जाता येत नाही." मी निरोप दिला. वेइक्को म्हणाला, "बरं."

आता तो रोज दोनला टेकडीवर असतो. रविवारी मीही जाते. मागच्या रविवारी टॅब्लेट त्याने तिच्या मांडीवर ठेवला, सामना लावला, आणि कॅमेरा पहिल्यांदा बाकावरून फिरला तेव्हा जिस्लेन ताठ झाली.

"ती बघ. बसवून ठेवलंय तिला."

"हात दुखतोय तिचा," वेइक्को म्हणाला.

"त्याने काय होतं? डावखुरी आहे ती. दुखतोय तो उजवा."

आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. उजवाच होता. एवढ्या वर्षांत त्याच्याही लक्षात नव्हतं.

"उतरवतील पुढच्या सत्रात," तो म्हणाला.

आपल्यावर दुसरा गोल झाला, तिसरा झाला. टेपमधली जिस्लेन प्रशिक्षकावर खवळली. खोलीतलीही खवळली, दोघी एकाच दमात फ्रेंचमध्ये. शब्द मला कळत नाहीत, पण अर्थ शेंबड्या पोराला कळला असता: उतरव की रे तिला, मुडद्या. मारिसेल दारातून डोकावून गेली.

भोंगा वाजला. मुली रांगेने एकमेकींचे हात हातात घेत गेल्या. त्या रांगेत बाकावरची नव्हती. जिस्लेन काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"उतरवलंच नाही."

"नाही."

"उद्या उतरवतील?"

वेइक्कोने टॅब्लेट तिच्या मांडीवरून उचलला, बाहीने पुसला आणि चार्जिंगला लावला.

"उद्या सामना आहे ना?" तिने पुन्हा विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "दोन वाजता."