काजळी नसलेली श्वासनळी

महिना झाला. गल्लीतल्या एसटीडी बूथवर मिरजेहून फोन आला, 'शंकर गेला... हार्ट अटॅक.' मी रिसीव्हर आपटला. असल्या माणसाला हृदयानं दगा द्यावा, याचा मला संतापच आला.

मेढ्याच्या डोंगरातला शंकर आणि पलूसकडच्या उसातला मी, साताऱ्याला कॉलेजात एका खोलीत राहिलो. दोघांच्याही घरात अंगठेबहाद्दर. मी बी.एस्सी. झालो, तो डॉक्टर. पुढं आमच्याच भागातल्या सरकारी दवाखान्यात तो शवविच्छेदन करायचा, आणि एके दिवशी त्याच्या टेबलावर माझी भावजय आली. सुमन, माझ्या धाकट्या चुलतभावाची, बापूची बायको. काळीठिक्कर, मुठी वळलेल्या. 'स्टोव्हचा भडका उडाला' असं पोलिसांना मीच सांगितलं होतं. घरात शिकलेला मी, म्हणून शंकरला गाठायलाही मलाच पाठवलं. हातात हिरवी साडी आणि बांगड्या, सवाष्ण गेली म्हणून चितेवर घालायला.

शंकरनं साडीकडे बघितलं. "आत ये. बी.एस्सी. हायस न्हवं?"

टेबलावर सुमनचा गळा त्यानं तपासणीसाठी उभा चिरलेला होता. चिमट्यानं त्यानं श्वासनळी उघडून धरली. आतून गुलाबी, धुतल्यासारखी.

"काजळी दिसतीय का?"

"न्हाई."

"जितं माणूस पेटलं की धूर आत ओढतंय. हिनं ओढला न्हाई. गळ्याचं हाड मोडलंय. आदी मारली, मग पेटवली. आन् आता सवाष्ण आठवली व्हय रं तुमाला?"

"गड्या, घर बुडंल आमचं. 'भाजून' एवढंच लिही. कुणी मारलं, का मारलं, विज्ञानाला काय करायचंय त्याचं?"

"खरंय. माझी सुरी हात कुणाचे ते सांगत न्हाई. ते तू सांगायचं. भिंतीला भिंत हाय तुमची."

साडी-बांगड्या तिथंच टाकून मी बाहेर पडलो, मागोमाग शंकर.

बाहेर बापू उभाच होता. अहवालात खून येणार हे शंकरच्या तोंडून कळताच त्यानं पहार उचलली. शंकरचं उजवं मनगट कडकन मोडलं. मी बापूच्या अंगावर पडलो, तर त्याचे दात माझ्या दंडात रुतले... दुसऱ्या दिवशी शंकरनं अहवाल डाव्या हातानं लिहिला.

मीही सांगलीच्या कोर्टात उभा राहिलो. भर दुपारी तिचं ओरडणं ऐकलं, बापूचा आवाज ऐकला, मग एकदम शांत झालं, हे सगळं बोललो. बापूला जन्मठेप झाली. भावकी तुटली, चुलतीनं माझ्या तोंडावर माती फेकली. तरी 'शिक्षणाचं चीज केलं' असं मी छाती काढून सांगत आलो. शंकरला तर कितीदा सांगितलं. तो नुसता ऐकायचा.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी कपाटातली एक जाड वही पुढं केली. टेबलावर आलेल्या प्रत्येक बाईचं त्यात एक पान. "माहेरची माणसं आली की बसवून विचारायचे," वहिनी म्हणाल्या. "अहवालात याला रकाना न्हाई म्हणायचे." एका पानावर, 'धाकट्या बहिणीला सायकल शिकवली.' दुसऱ्यावर, 'चिंच लय आवडायची.'

सुमनचं पान सापडलं. 'जात्यावरच्या ओव्या पाठ. माहेरी कुत्रं, मोती. अजून दारात बसतं.' त्याखाली एक ओळ सोडून...

'शेजारच्या दिरानं ओरडणं ऐकलं. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत दार आहे. त्याला कडी नव्हती.'