दहापैकी किती

आकडा सांगून झाला की काका डावा डोळा मिटायचे. म्हणजे, आता तुम्ही बोला.

चांदीपच्या शेतातली भाजी घेऊन ते विरारला आमच्या सोसायटीच्या गेटाशी बसत. देह असा धिप्पाड की हातातला तराजू खेळण्यातला वाटे. भाव त्यांनी दुप्पट सांगायचा आणि आपण तो निम्म्यावर आणायचा, असा शिरस्ता. मुकाट्याने पैसे देणाऱ्यावर ते रुसत. "अवो, कायतरी बोला. माज्या भाजीला मान नाय काय?"

काकू मात्र आयुष्यभर घेणाऱ्यांच्या बाजूला. चिमणीएवढ्या, पण बाजारात त्या पहिला आकडा इतका कमी उच्चारत की कोळणी पाटीवर फडकं ओढत.

तर मंडळी, काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सोबतीला काकू आणि मी. सिस्टरने विचारलं, "काका, दहापैकी किती दुखतंय?"

"दहा," काका म्हणाले, आणि डावा डोळा मिटला.

सिस्टर बिचारी कुठली घासाघीस करणार? तिने डॉक्टरांना विचारून मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने काकांचं घोरणं थांबलं, श्वास अगदी मंदावला. काकू ओरडल्या, डॉक्टर धावले, ऑक्सिजन लावला, औषधावरचा उतारा टोचला. शुद्धीवर येताच काका पुटपुटले, "मी सांगितले दहा. तू पाच तरी बोलायचं ना, बाय."

डॉक्टरांनी कपाळ पुसलं. "देह केवढा, आणि औषध पुरतं चिमूटभर! कोणाला किती लागेल, ते अंगावरून कळत नाही."

पुढे काकूंच्या गुडघ्याची पाळी आली. ही तर चिमणी, म्हणून सगळे दुप्पट सावध. औषध अगदी बेताने दिलं होतं.

"काकू, दहापैकी किती?"

"दोन," काकू म्हणाल्या. चादर मुठीत आवळलेली, ओठ पांढरे. सिस्टर समाधानाने वळली.

काका उठून दारात उभे राहिले. दार दिसेनासं झालं.

"बाय, ती घेनारी हाय. दोन बोलली म्हनजे आठ धर. आनि माज्या मापानं तिला मोजू नको."

दोन्ही डोळे उघडे होते. सिस्टरने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी थोडं थोडं औषध दिलं, दर वेळी थांबून श्वास पाहिला, पुन्हा दिलं. काकूंना काकांपेक्षा कितीतरी जास्त लागलं. मग कुठे मूठ सुटली. चादर सोडून त्या हाताने काकांचं बोट धरलं.

"बगा," काका मला म्हणाले, "खायला चिमनी, औषधाला म्हस."

यंदा काका गेले. आता गेटाशी काकू बसतात. सवयीने पहिला भाव कमीच सांगतात, मग गिऱ्हाईक गोंधळतं.

परवा मी विचारलं, "काकू, काकांची आठवण येते?"

"येते थोरी."

"दहापैकी किती?"

मेथीची जुडी झटकत त्या म्हणाल्या, "दोन."

मी आठ धरले.