आदी मिटवून या

दर रविवारी सकाळी थोरले आपल्या दाराच्या चौकटीला हात टेकवून उभे राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "कुणासंगं वाकडं हाय का?" उत्तराला जरा उशीर झाला की हात तसाच आडवा राहायचा. "मग आदी मिटवून या. भाकरी कुठं पळून जात न्हाई."

मी विंझरला शाळामास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. माझी खोली त्यांच्या घराला लागून होती. मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांची भजनं मला आणि माझं घोरणं त्यांना सक्तीनं ऐकावं लागे. रविवारी त्यांच्याकडे चार घरची माणसं जमत. ख्रिस्ती, पण पाद्री नाही, घंटा नाही, देऊळच नाही. मिशनचा कोणी पाहुणा आला की हटकून विचारी, "तुम्ही कोणत्या पंथाचे?" हे शांतपणे म्हणत, "पंथ न्हाई. ख्रिस्ताची माणसं म्हना, झालं." पाहुण्याचं काही समाधान होत नसे.

मंडळीत सगळ्यांत वडील म्हणून त्यांना थोरले म्हणत. शास्त्रात आहे तेवढंच करायचं, वर पदरचं काही घालायचं नाही, एवढाच त्यांचा नेम. नदीच्या डोहात बुडी घेऊन बाप्तिस्मा. रविवारी एकच भाकरी मोडून सगळ्यांनी खायची आणि मनुका भिजवलेलं पाणी एकाच पेल्यातून प्यायचं. त्या माणसांत मराठा होता, धनगर होता, गावकुसाबाहेरचाही होता. त्या काळी एक पेला म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या. गाव त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोले.

बायको गेल्यापासून ती नाचणीची भाकरी थोरले स्वतःच थापत. तव्यावर पडेपर्यंत ती निम्मी मोडलेलीच असे. ठकूबाई नावाची मंडळीतली एक फटकळ बाई म्हणायची, "थोरलं, येक रविवार मला थापू द्या की. देवाला तरी गोल भाकरी दिसंल."

या ठकूबाईचं आणि तिच्या जावेचं कोंबडीवरून बिनसलं होतं. थोरल्यांनी तिला दारातच अडवलं. "मीच का जाऊ? तिनं यावं!" असं म्हणत ती तणतणत गेली, आणि बऱ्याच वेळानं जावेला हाताला धरून घेऊन आली. दोघींचे डोळे लाल. तोवर सगळी मंडळी तशीच बसून होती. भाकरी पार गार झाली होती, पण कुणी कुरकुर केली नाही.

मी त्यांच्यातला नव्हे. उंबऱ्याबाहेर बसून ऐकत असे. बाहेर बसणाऱ्याला काही गोष्टी जास्त दिसतात. थोरले भाकरी मोडत, सगळ्यांच्या हातावर तुकडा ठेवत, आणि स्वतः मात्र कधीच खात नसत. एकदा मी विचारलंच.

ते म्हणाले, "मास्तर, माजंच मिटल्यालं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. गाव मूळचं आंबवडे. बाप्तिस्मा घेतल्यावर थोड्याच दिवसांत वडील वारले. हे थोरले चिरंजीव. अग्नी द्यायला यांनी नकार दिला, तो धाकट्या भावानं दिला. "ते येक वेळ चाललं आसतं," थोरले म्हणाले. "पर म्या तितं थांबलोबी न्हाई. तितं उभं ऱ्हायलं तरी पाप लागंल, आसं वाटलं. बाटाबाट सोडून आलो, मास्तर, आन् बाटायलाच भ्यालो. बाप जळत हुता आन् म्या पाठ फिरवली."

दर साल सुगी सरली की ते डोंगर ओलांडून आंबवड्याला जात. एकदा मीही सोबत गेलो. भाऊ अंगणात चऱ्हाट वळत बसला होता. थोरले म्हणाले, "आग्नी दिला न्हाई त्याची माफी मागत न्हाई, ते खोटं हुईल. पाठ फिरवली, त्याची मागतो." भाऊ उठून घरात गेला आणि दाराआडून मला म्हणाला, "मास्तर, त्यास्नी सांगा, ज्यानं बापाला पानी दिलं न्हाई, त्यानं हितलं पानी मागू नये." परतताना थोरले ओढ्यावर पाणी प्यायले. मला त्या भावाचा राग आला होता आणि तो चुकला असंही म्हणवत नव्हतं.

पुढे एका उन्हाळ्यात थोरल्यांनी अंथरूण धरलं. अन्न सुटलं. रविवारची ती भाकरी न खाताच हे जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. एक दिवस ठकूबाई कुणाला न सांगता उठली आणि आंबवड्याला गेली. नंतर मी विचारलं, तर म्हणाली, "जाऊन मिटवायची सवय त्येंनीच लावली न्हवं?"

रविवारी सकाळी मंडळी थोरल्यांच्या अंथरुणाभोवती बसली होती. तेवढ्यात ठकूबाई आली, आणि तिच्यामागून भाऊ. तो दारात घुटमळला. मग आत आला, कोपऱ्यातल्या घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि अंथरुणापाशी बसला.

"दादा, पानी घे."

"आदी माजं ऐकून घे," थोरले म्हणाले.

"ऐकलंय की. दरसाली दाराआड उभा ऱ्हाऊन ऐकलंय."

थोरले पाणी प्यायले. बरंचसं गळ्यावरून ओघळलं, ते भावानं आपल्या धोतराच्या सोग्यानं टिपलं. मग ठकूबाईच्या जावेनं थापलेली भाकरी आली. थोरल्यांनी तुकडा घेतला आणि कितीतरी वेळ चावत राहिले. "लई गोल झालीया," एवढंच म्हणाले. मंडळीतली माणसं रडत होती आणि उंबऱ्याबाहेर मीही.

पुढचा रविवार त्यांनी पाहिला नाही. नदीकाठच्या माळावर त्यांना पुरलं. ना अग्नी, ना मडकं, ना मंत्र. एकानं प्रार्थना केली आणि सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. भावानंही टाकली. ऊन चढलं होतं, माणसं गावाकडे वळली. ठकूबाईनं मागे वळून भावाला हाक मारली, "चला आता, दोन घास खाऊन घ्या."

तो जागचा हलला नाही.

"तुमी व्हा फुडं," तो म्हणाला. "म्या थांबतो."