बाईले विचारा

सुलोचनाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीच्या वाचनालयात शिडीवर उभा होतो, तोंडात दोन स्क्रू आणि हातात केबल. जिल्ह्यातली वाचनालयं एकमेकांना जोडलेली आहेत आणि त्या सगळ्यांत नवे संगणक, नवं फिल्टर बसवायचं काम माझ्याकडे आहे. सिहोऱ्याहून बाईंचा भाचा बोलत होता, "बाई गेल्या गा भाऊ. चहा घेतला, वाचनालयाची किल्ली हाती घेतली, आन दारातच बसल्या..." मी स्क्रू थुंकले. खरं सांगतो, माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "मग आता फोन कोण उचलेल?" भाच्याला वाटलं असेल, हा माणूस ठार वेडा आहे. असं का निघालं, तेच सांगायला आज बसलो आहे.

सुलोचना दिघोरे सिहोऱ्याच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. तलावात मासोळी धरणाऱ्या घरातल्या. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. मी पहिल्यांदा तिथं संगणक लावायला गेलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात फिल्टर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पोरांनी भलतंसलतं पाहू नये म्हणून नको ते शब्द, नको ती चित्रं अडवणारी व्यवस्था. शब्दांची यादी मीच केली होती. पान अडलं की पडदा लाल व्हायचा, भोंगा वाजायचा आणि अक्षरं यायची: 'अनुचित मजकूर. आपली नोंद घेतली आहे.' नोंदबिंद काही होत नव्हती, धाक बसावा म्हणून मीच ते घुसडलं होतं. बाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "जाळ्याचं आमाले नको शिकवू बाबू. भोक केवढं ठेवाचं, ते मासोळी पाहून ठरते. तू तर पाणीच अडवून राहिला." मी हसलो. म्हटलं, म्हातारीला काय कळतं! माझ्यासारखा दीडशहाणा शोधून सापडायचा नाही.

मग एक दिवस बाई एसटीनं भंडाऱ्याला माझ्या कचेरीत आल्या आणि टेबलासमोर बसल्या. पिशवीतून एक लांबट वही काढली. "वाच. मोठ्यानं वाच." वहीत तीन रकाने आखलेले: काय पाहिजे होतं, काहून पाहिजे होतं, मिळालं का. नाव कोणाचंच नाही. माझ्या फिल्टरनं सिहोऱ्यात अडवलेलं एकेक पान तिथं लिहिलेलं होतं. मी वाचायला लागलो. मासोळीचं प्रजनन, शेतातल्या बोडीच्या पाण्यात बीज सोडाचं हाय. दारू सोडाचे उपाय, घरी रोज भांडण होते. पोरीची पाळी, माय नाही तिले. शेजारच्या टेबलावरची माणसं ऐकत होती आणि माझे कान तापले होते. तिसऱ्या रकान्यात मात्र सगळीकडे एकच शब्द: हो. हो. हो. मी विचारलं, "पान तर बंद होतं बाई, मग मिळालं कसं?" म्हणाल्या, "मासोळीवाल्या साहेबाले फोन केला. नर्सबाईले विचारलं. त्यायनं सांगतलं ते कागदावर उतरवून देलं. मी काही डॉक्टर नाही, पण कोणाले विचाराचं ते मले मालूम हाय."

शेवटच्या ओळीचा रकाना कोरा होता. तलावावरची एक बाई, छातीत गाठ. बाईंनीच तिला शोधायला शिकवलं होतं. तिनं एकेक अक्षर जुळवून 'स्तनातली गाठ' लिहिलं, तर पडदा लाल, भोंगा सुरू, पेपर वाचणारी सगळी माणसं वळून पाहायला लागलेली. आपली नोंद झाली, आता पोलीस येतात, असं समजून ती पदर ओढून पळाली ती घरात कोंडून घेऊनच बसली. दवाखान्याचं नाव काढलं तरी दार उघडेना. "गाठ वाढून राहिली असंल," बाई म्हणाल्या. "पान नसंल उघडत तर नको उघडू. पण माणसाले पापी कायले म्हणते तुही मशीन?"

मी पुटपुटलो, वरून नियम आहेत. "वरच्याले सांगजो, खाली माणसं राहतात."

मी तिथल्या तिथे फिल्टरचं कुलूप काढून गाठीची माहिती छापून दिली, आजारपणाचे शब्द यादीतून उडवले. लाल पडदा आणि भोंगा काढला. त्या जागी बाईंनी मजकूर सांगितला, मी टाइप केला: 'हे पान इथं उघडत नाही. तुमचं काही चुकलं नाही. बाईले विचारा.' खाली सिहोऱ्याच्या वाचनालयाचा फोन. बाई ते कागद घेऊन थेट तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या तिच्या घरी गेल्या. दार बंदच. मग या बाईनं काय करावं? उंबऱ्यापाशी बसकण मारली आणि बंद दाराला वाचून दाखवायला लागली. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं... चौथ्या पानावर कडी निघाली. दुसऱ्या दिवशी दोघी भंडाऱ्याच्या दवाखान्यात होत्या. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, गावानं सांगितलं.

घाईत मी एक घोळ घालून ठेवला होता. तो मजकूर फक्त सिहोऱ्यासाठी होता, पण माझ्या एका चुकीच्या खुणेनं तो जिल्ह्यातल्या सगळ्या वाचनालयांत गेला. दुसऱ्या दिवसापासून जिथं जिथं पान अडेल तिथला माणूस सिहोऱ्याला फोन लावायला लागला. लाखनीहून एक ट्रक ड्रायव्हर, कुठून एक शाळेतली मास्तरीण, कुठून बाळंतीण सुनेची सासू. मी घाबरून बाईंना म्हटलं, "चूक झाली बाई, आत्ता काढून टाकतो." पलीकडून उत्तर आलं, "राहू दे. लोकं बोलून राहिले न!" आणि ती चूक तशीच राहिली. एकटी बाई, एक फोन, एक वही, आणि सगळ्या जिल्ह्याचं अडलेलं पाणी तिच्या दारातून वाहत होतं. मी इतकी यंत्रं लावली, पण असं काही पाहिलं नाही.

तेरवीला एक बाई माझ्याशेजारी येऊन बसली. हलक्या आवाजात म्हणाली, "ते बंद दारवाली मी हाय." एवढंच बोलली आणि पत्रावळी मांडायला उठली. मी हात जोडले, पण तिनं ते पाहिले नाहीत.

मागच्या आठवड्यात सिहोऱ्याचं काम काढलं. नव्या व्यवस्थेत मजकूर तयारच येतो: 'प्रवेश नाकारला. प्रशासनाशी संपर्क साधा.' बाईंची ओळ पुसायची होती, त्यासाठीच गेलो होतो. त्यांची खुर्ची, टेबलावर वही, वहीत पेन. शेवटची ओळ: आंबागड. मोहफुलं वेचताना अस्वलानं चेहरा फाडला. ऑपरेशन करून माणूस कसा दिसते, ते पाहाचं हाय. जखमांची चित्रं म्हणून फिल्टरनं ते पान अडवलं होतं. तिसरा रकाना कोरा. मी तो पाहत बसलो होतो तोच फोन वाजला.

"बाई हायेत का? सोमवारी फोन करजो म्हणे. किती सोमवार झाले, कोणी उचलतच नाही."

"बाई गेल्या वो माय."

"अरे देवा... मंग आता कोणाले विचाराचं?"

म्हटलं, "मले सांगा."

ती त्या आंबागडच्या ओळीतलीच निघाली. कुलूप काढलं, पानं छापली, वही काखेत मारली आणि गाडी आंबागडला घेतली. तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून बसला होता, डोक्यावरून दुपट्टा. मी चित्रं त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं एकेक पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि एका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हा घास चावते का?" मला काय ठाऊक! पण कोणाला विचारायचं ते वहीच्या मागच्या पानावर बाईंच्या अक्षरात होतं. तिथूनच डॉक्टरांना फोन लावून त्याच्या कानाला दिला. त्यानं ऐकलं आणि दुपट्टा खाली घेतला. बायकोनं तोंडाला पदर लावला.

परत येऊन वहीत 'हो' लिहिलं. बाईंच्या टपोऱ्या अक्षरांखाली माझं कोंबडीच्या पायांचं अक्षर. त्यांची ओळ मी नव्या व्यवस्थेतही घातली, सगळ्या वाचनालयांत, या वेळी शुद्धीवर राहून. वरच्यांना काय म्हणायचं ते म्हणोत. खाली नंबर तोच आहे, फक्त तो फोन आता माझ्या खिशात वाजतो.

काल कोणीतरी विचारत होतं, "बाई हायेत का?"

मी वही उघडली आणि म्हटलं, "बोला."