पाळण्यातला वरवंटा आणि फेज कॉन्स्टंट

रविवार सकाळ. सानिकाच्या बारावीच्या फिजिक्स पेपरचा आदला दिवस.
हजर: मी, हे, सासूबाई आणि कन्या सानिका.

फिजिक्स समजायला एक पाळणा आणि चार माणसं पुरतात, असं माझं प्रामाणिक मत होतं.

सानिका रडकुंडीला आली होती. "आई, फेज कॉन्स्टंट काढतेय, म्हणजे वरखाली हलणाऱ्या वस्तूचा सुरुवातीचा कोन. सुरुवातीला वस्तू मधल्या जागेपासून वर, अर्ध्या अंतरावर आहे. माझी उत्तरं दोन येतायत, तीस अंश आणि दीडशे. पुस्तकात फक्त दीडशे! उद्या हेच आलं तर?"

नणंद बाळाला घेऊन राहायला येणार म्हणून स्प्रिंगचा पाळणा हॉलमध्ये आधीच टांगला होता. मी भिंतीवर खडूने त्या अर्ध्या अंतराची खूण केली आणि कामं वाटली. ह्यांनी पाळणा ओढून सोडायचा. खुणेपाशी आला की मी "आता!" म्हणायचं.

"रिकामा पाळणा हलवायचा नाही!" सासूबाई कडाडल्या.

त्यांनी बारशाला ठेवतात तसा वरवंटा आत ठेवला. (झबलं आणि टोपडं घालून!)

पाळणा वरखाली नाचू लागला. "आता!" मी ओरडले.

"वर जात होता की खाली?" सानिकाने विचारलं.

"वर," हे म्हणाले.

"खाली! डोळे तपासून घे," सासूबाई.

सानिका उडालीच. "जागा तीच, पण वर जाताना तीस, खाली येताना दीडशे! गणितात लिहिलंय, वस्तू मधल्या जागेकडे परत येतेय. म्हणून दीडशे!"

इथे थांबायला हवं होतं. पण पडताळून बघितल्याशिवाय मला चैन पडेल तर ना! "अहो, जरा जोरात ओढा," मी म्हटलं आणि बेल वाजली म्हणून दार उघडलं. समोरच्या हेतलबेन, हातात हांडव्याची प्लेट.

"अरे, बेबी? इस उमर में? बताया भी नहीं!"

मी तोंड उघडणार तोच छताचा हुक निसटला. धाडकन!

हेतलबेन किंचाळल्या. ह्यांनी 'बेबी'ला एका हाताने उचललं, उलटसुलट करून पाहिलं. "ह्याला काही नाही झालं. लादी फुटली!"

"फुटेल कसा? माझ्या सासूचा आहे," सासूबाई म्हणाल्या.

हेतलबेन प्लेटसकट पळाल्या.

पेपरात ते गणित आलं, सानिकाने सोडवलं. हुक नवा बसला, लादी बदलली. हेतलबेनना समजावणं तेवढं बाकी आहे. तशी मी गेले होते. मुद्द्याचं आधी बोलावं ही माझी शिस्त, म्हणून दार उघडताच सांगितलं, "टेन्शन मत लो, वो एकदम ठीक है. कल ही उससे चटनी पीसी!"

तेव्हा आपटून बंद झालेलं ते दार अजून उघडलेलं नाही.