दारात पाणी मागायला आलेली पोरगी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दुपारी घरात असलेल्या बायकोलासुद्धा अर्धंच माहीत आहे. भूतबाधा, भास, असल्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. आमच्या कामात माणसं जाताना दिसतात, परत आलेलं कुणी दिसत नाही… असं नवीन सिस्टर लोकांना मीच ऐकवायचो.

मी सोलापुरात एका हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या आयसीयूत ब्रदर आहे. घर कुर्डुवाडीला. इथं खोली करून राहतो, सुट्टीला घरी जातो.

काही वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, सांगोल्याकडच्या एका मेंढपाळाची मुलगी आमच्याकडं आली. नाव रखमा, सहा-सात वर्षांची असेल. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, आणायला उशीर झाला आणि किडन्या बंद पडल्या. लघवीचा थेंब नाही. पोटात नळी घालून डायलिसिस चालू केलं होतं. अशा मुलाला पाणी अगदी मापात द्यावं लागतं. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, ते फुप्फुसात साचतं. बाहेर आपलं सोलापूरचं ऊन, आणि आत ही पोर पाण्यासाठी तळमळतेय. माझं काम काय, तर कापसाच्या ओल्या बोळ्यानं तिचे ओठ पुसायचे. ती बोळा चोखायला लागली, की काढून घ्यायचा.

"दादा, पानी दे की."

"थांब, अजून नाही. लघवी झाली की देतो."

"कवा हुनार?"

"होईल."

"तू सारकं हुईलच म्हंतूस."

हेच बोलणं दिवसभर. माझ्या तोंडात ते शब्द इतके बसले होते, की तिनं हाक मारायच्या आधीच ओठांवर यायचे.

तिची आई एकदा म्हणाली, "आमी पानी बघून मेंढरं बसवतो, ब्रदर. मुक्या जित्राबाला तानलेलं ठेवत न्हाय. अन् ही माजी लेक…" पण त्या बाईनं चोरून घोटभरही पाजलं नाही. मी सांगितलं म्हणून.

सलाईनचा हात हलू नये म्हणून आम्ही त्याला पुठ्ठा बांधतो. रखमाचं मन रमावं म्हणून मी त्यावर स्केचपेननं मेंढरू काढून दिलं. तिनं हात फिरवून फिरवून बघितलं.

"ही शेळी हाय. मेंढराची शिंगं अशी असत्यात व्हय? आये, दादाला कायबी येत न्हाय!"

आई तोंडाला पदर लावून हसली. तेवढंच काय ते आमच्या वॉर्डात त्या आठवड्यात कुणी हसलं असेल.

मग माझी सुट्टी आली. निघताना मी तिच्या बेडकडं गेलो नाही. गेलो असतो तर तिनं पाणी मागितलं असतं. बाहेरच्या बाहेर सटकलो.

दुसऱ्या दिवशी जेवून बाहेरच्या खोलीत चटईवर आडवा झालो होतो. उकाड्यामुळं दार सताड उघडं. डोळा नुकता लागत होता—

"दादा, पानी दे की."

डोळे न उघडता मी म्हणालो, "थांब, अजून नाही."

"अहो!" स्वयंपाकघराच्या दारातून बघत बायको ओरडली. "दारात आलेल्या पोरीला पाणी नाही म्हणता? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

मी उठून बसलो. बायको तांब्या भरून बाहेर धावली. गल्लीत नुसतं ऊन. चिटपाखरू नाही. ती कोपऱ्यापर्यंत जाऊन आली.

"एवढ्यात गेली कुठं? कुणाची होती हो? हाताला पुठ्ठा बांधला होता बघा. त्यावर शेळी काढलेली."

"असेल कुणाची तरी," एवढंच बोललो. वॉर्डात लावायला फोन हातात घेतला… आणि तसाच खाली ठेवला.

ड्युटीवर गेलो तेव्हा तिच्या बेडवर धुतलेली चादर घातलेली होती. आदल्या दुपारीच गेली होती. आईला रक्त आणायला पाठवलं होतं, तेवढ्यात.

पुढं कधीतरी ती बाई कागदपत्रांसाठी आली. मला बघून बाकावरनं उठली. "तुमी सुट्टीवर हुतासा, पर इचारते. मी न्हवते तितं. जाताना तिच्या तोंडात कुनी पानी घातलं का ओ?"

मी सिस्टरला आधीच विचारलं होतं. कुणी घातलं नव्हतं. सगळेजण तिची छाती दाबण्यात गुंतलेले.

"घातलं, ताई. सिस्टरनं घातलं. प्यायली ती."

"मग बरं झालं. तानलेली न्हाय गेली माजी बाय." तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

मी पुष्कळ विचार केला. आयसीयूत पाणी नाकारलं ते बरोबरच होतं, आजही नाकारीन. आवाज ऐकण्यात माझी चूक झाली म्हणावं, झोपेत होतो म्हणावं. पण बायको जागी होती, आणि तिनं आमचा वॉर्ड आजवर बघितलेला नाही. शिवाय माझ्या दारात कसली नळी नव्हती, कसलं माप नव्हतं. तिथं मला पाणी देता आलं असतं. हवं तेवढं.

अजून दर सुट्टीला दुपारी मी तिथंच पडतो. टीव्ही लावू देत नाही. बायको म्हणते, "दार लोटा, धुरळा येतोय घरात." मी नाही लोटत. कुणी येत नाही. यावं, असं फार वाटतं.

हे काय होतं, मला माहीत नाही. पण त्या बाईशी मी खोटं बोललो. तिची लेक तहानलेलीच गेली, आणि माझ्या दारावरनं गेली, हे तिला समोर बसून सांगायचं माझ्याकडं अजून राहिलेलं आहे.