कॉलरमधली सुई

आमचे मामा सिनेमावाल्यांचे कपडे शिवायचे. सुई-दोरा कायम कॉलरमध्ये टोचलेला, जेवतानासुद्धा. मामी ओरडायची, "अहो, एखाद दिवशी घशात जाईल ती!"

सिनेमातल्या कामगारांचा संप झाला त्या वर्षी सगळे कामगार सिनेमाच्या बक्षीस समारंभाच्या फाटकाबाहेर बसले होते. आतल्या कुणाच्या कामाला हात लावायचा नाही असं ठरलेलं. सगळ्यांत मोठ्यानं हो म्हणाले ते मामाच.

तेवढ्यात नटीबाई गाडीतून उतरल्या आणि त्यांच्या ब्लाउजची पाठीवरची शिवण टर्रकन उसवली. बाई मामांपुढे पाठ करून उभ्या राहिल्या. "मास्तर, बघा ना." रोजचीच सवय. मामांचा हात कॉलरकडे कधी गेला ते त्यांनाच कळलं नाही. चार टाके घालून दोरा दातानं तोडला, तेव्हा कुठे भानावर आले. मागच्या घोषणा बंद पडल्या होत्या.

त्यांचा जिवलग दोस्त, इस्त्रीवाला, म्हणाला, "वा मास्तर! आता आत जाऊन टाळ्या पण वाजवून या."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून कॉलर रिकामी. संप मिटला, कामं सुरू झाली, सुई मात्र डबीत राहायची. इस्त्रीवाला चहाला बोलवायचा, "सोड ना यार" म्हणायचा. मामा जायचे, पण खाली मान घालून चहा प्यायचे.

परवा मामा गेले. इस्त्रीवाल्यानं त्यांचा शर्ट स्वतः इस्त्री करून आणला. मामीला म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं."

मामीनं डबी पुढे केली. त्यानं सुई काढून त्या शर्टाच्या कॉलरमध्ये टोचली, आणि मान काही वर केली नाही.